परवाने थांबवावेत, पण मुदत घालून



जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास म्हटला की चर्चा चटईक्षेत्रापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. या अधिवेशनाने त्याच्याही आधीचा प्रश्न हाती घ्यावा. बाजारपेठेचा एकत्रित आराखडा तयार होत असताना त्या हद्दीत नवे बांधकाम परवाने द्यावेत का? देऊ नयेत, हे उत्तर स्पष्ट आहे. मात्र स्थगितीला ठरावीक मुदत हवी आणि दुरुस्तीला तिची झळ बसता कामा नये.

मुंबईतला भेंडी बाजार घ्या. पुनर्विकास सुरू होण्यापूर्वी तिथे साडेसोळा एकर जागेत सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने-व्यवसाय होते. खाली दुकानाचा गाळा, पोटमाळ्यावर माल, त्याच्या वर बिऱ्हाडे. दारात हातगाडी लागली की गल्लीत दुसरी गाडी वळत नसे. आगीचा बंब तर दूरच. पागडीचे भाडे इतके थोडे की मालकाला डागडुजी परवडत नसे, आणि इमारत मालकाची म्हणून भाडेकरू हात घालत नसे. अशा वस्तीत एकेक इमारत पाडून जागच्या जागी मनोरा उभा केला तर गल्ली तेवढीच राहते आणि माणसे दुप्पट होतात. म्हणूनच २००९ साली विकास नियंत्रण नियमावलीत समूह पुनर्विकासाची ३३(९) ही तरतूद आली. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटरचा पट्टा एकत्र घ्यायचा, रस्ते रुंद करायचे आणि मग इमारती बसवायच्या.

आता या पट्ट्याच्या मधोमध एका मालकाने आधीच स्वतंत्र परवाना मिळवला आहे असे समजा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र वर्षभर चालते आणि मुदतवाढ घेत एकूण चार वर्षे जिवंत राहते. नियोजित रस्ता ज्या जागेतून जायचा तिथेच पाया खणला जातो. एवढ्या एका परवान्यापायी शेजारच्या वीस इमारतींचा आराखडा वाकवावा लागतो. आराखड्याची कुणकुण लागताच प्रस्ताव दाखल करण्याची घाई का होते, याचे कारण यातच आहे.

कायद्याने ही फट पुरती बुजवलेली नाही. विकास योजना करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर होतो, प्रारूप योजना कलम २६ खाली प्रसिद्ध होते. परवानगी देताना प्रारूप योजनेचा विचार करण्याचे बंधन कलम ४६ घालते. पण ती प्रसिद्ध होईपर्यंत विचारात घ्यायला कागदावर काहीच नसते. नेमक्या याच काळात परवान्यांचा ओघ वाहतो.

ही फट उघडी राहिली की काय होते, ते मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. ५८ गिरण्या, जवळजवळ ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळायची होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. सगळे थांबवून त्यावर निर्णय घेण्याची ती वेळ होती. तसे झाले नाही. २००१ मध्ये नियम बदलून केवळ मोकळ्या जमिनीचीच वाटणी ठरली आणि परवाने गिरणीगणिक सुटत गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हस्तक्षेप केला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, पण स्थानकांचे जिने आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पाऊस आणि अफवा ही तात्कालिक कारणे होती. अरुंद पुलावर इतकी गर्दी येऊन पडली ती वर्षानुवर्षे सुट्या परवान्यांनी वाढवलेली होती.

त्याच्या आधी महिन्याच्या आतच दुसरी दुर्घटना घडली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. ही इमारत समूह पुनर्विकासाच्या हद्दीतलीच होती. एकत्रित आराखडा असूनही लोक मोडकळीला आलेल्या घरात राहतच होते.

स्थगितीचा आग्रह धरणाऱ्यांनी हुसैनी विसरू नये आणि परवान्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी एल्फिन्स्टन.

मुदतीविना स्थगिती किती लांबते हेही आपण पाहिले आहे. देवनारच्या कचराभूमीवरून उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर शिथिल करेपर्यंत मार्च २०१८ उजाडला. मुंबईची विकास योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, रद्द होऊन नव्याने आखली गेली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. ‘योजना होईपर्यंत’ एवढीच अट घातली असती, तर दुकानदार साडेतीन वर्षे अधांतरी राहिले असते. गिऱ्हाईक तुटायला दोन दिवाळ्या पुरतात.

अमेरिकेत या प्रश्नाचा कायदेशीर निकाल लागला आहे. टाहो सरोवराच्या काठी १९८१ ते १९८४ दरम्यान ३२ महिने बांधकामे थांबवली गेली आणि जमीनमालक न्यायालयात गेले. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निव्वळ तात्पुरती स्थगिती म्हणजे मालमत्ता हिरावणे नव्हे. पण वर्षापेक्षा लांबणाऱ्या स्थगितीकडे अधिक साशंकतेने पाहावे. कॅलिफोर्नियाचा कायदा अधिक काटेकोर आहे. पहिली स्थगिती ४५ दिवसांची, तीही चार पंचमांश मतांनी. मुदत संपण्याच्या १० दिवस आधी काय काम झाले याचा लेखी अहवाल जाहीर करायचा. मुदतवाढ मिळाली तरी एकूण दोन वर्षांपलीकडे जाता येत नाही.

आपल्या कायद्यालाही मालकाची प्रतीक्षा अमर्याद मान्य नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. तोच न्याय स्थगितीला लावायला हवा.

म्हणून अधिवेशनाच्या ठरावात राज्य शासनाकडे पुढील मागणी असावी. पुनर्विकासासाठी निवडलेल्या बाजारपेठेची हद्द नकाशावर आखून इरादा जाहीर होताच तिथले नवे परवाने थांबावेत. मुदत एक वर्ष, आणि जाहीर सुनावणीनंतर वाढवायची झाली तर आणखी एकच वर्ष. संरचनात्मक दुरुस्ती, टेकू, अग्निसुरक्षा आणि गाळ्यातली अंतर्गत कामे यांना सूट असावी. धोकादायक ठरलेल्या इमारतीतल्या रहिवाशांना आणि दुकानदारांना स्थगितीच्या पहिल्याच महिन्यात लेखी हमीसह संक्रमण जागा मिळावी. दर तिमाहीला आराखड्याची प्रगती प्रभाग कार्यालयात लावली जावी. मुदतीत आराखडा प्रसिद्ध झाला नाही, तर स्थगिती आपोआप उठावी. या शेवटच्या कलमाला नियोजन प्राधिकरणांचा विरोध होईल. तरीही ते ठरावातून गळू देऊ नये, अशी सभागृहाला विनंती आहे.