नोकरी सोडणाऱ्याला आधी काय विचाराल?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज इथे प्रत्येकाने आपण काय मिळवलं ते सांगितलं. ऐकून अभिमान वाटला. मी मात्र सोडलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. खासगी बँकेतली १४ वर्षांची नोकरी मी सोडली, तीही दुसरी हातात नसताना.

कामाचा कंटाळा नव्हता. खातेदार मला नावाने ओळखत. पण शेवटची तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ कॉल असे आणि ज्याचं टार्गेट राहिलं, त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसत. मुदतठेव ठेवायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात विमा मारला नाही, तर माझ्या हाताखालच्या मुलांचा इन्सेंटिव्ह जाई. वरिष्ठांना आणि एचआरला लेखी कळवलं. उत्तर आलं, "प्रेशर सगळ्यांनाच असतं."

रविवारी दुपारनंतर छातीत धडधड सुरू व्हायची. ईसीजी नॉर्मल आला. झोप जेमतेम तीन तास आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. माझ्यात तिन्ही होती. औषधाने झोप आली असती, पण सोमवारचा कॉल तसाच राहिला असता.

राजीनामा रागाच्या भरात दिला नाही. बायकोसोबत बसून हिशेब मांडला. आठ महिन्यांचा घरखर्च आणि गृहकर्जाचे हप्ते बाजूला काढले. बँकेचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपणार होता, म्हणून घरच्यांचा वेगळा विमा आधी घेतला. नोटीस पिरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर आणि ग्रॅच्युइटी घेतली, पीएफला हात लावला नाही. पाच महिन्यांनी एका पतसंस्थेत लागलो. पगार एक तृतीयांशाने कमी आहे आणि तो महिनाअखेरीस जाणवतो. पण रात्री झोप लागते.

त्या पाच महिन्यांत जो भेटेल तो विचारायचा, "मग पुढे काय?" आपल्या वर्गातल्या एकाने मात्र विचारलं, "झोप लागते का रे?" आणि दर शनिवारी मला टेकडीवर फिरायला नेलं. नाव घेत नाही, तो इथेच बसलाय.

सगळ्यांना नोकरी सोडता येत नाही. कुणावर कर्ज असतं, कुणाच्या घरी आजारी आई-वडील असतात. पण एकट्याने सोसू नका. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शिवाय आपला ग्रुप आहेच. तिथे रोज 'शुभ सकाळ'ची फुलं पडतात. त्यात एखादा महिनाभर गप्प दिसला, तर त्याला फोन करा.

बाई, सर, कुणी डबा आणला नाही हे तुम्ही नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचात. तेवढं तरी आता आम्ही एकमेकांसाठी करू.