राजवाड्यातील व्यापारशाळा

वाण्याचा मुलगा धंदा कुठे शिकतो, असे कुणी विचारले तर आपण चटकन म्हणू, दुकानात! आधी पुड्या बांधायच्या, मग तराजू धरायचा, मग कीर्द-खतावणी लिहायची आणि बापाचा विश्वास बसला म्हणजे एक दिवस गल्ल्याची किल्ली हाती यायची. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते. काठावर बसून पुस्तक वाचणाऱ्याला पोहता येत नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझे विद्यार्थीही मला हेच विचारतात, "सर, धंदा का वर्गात शिकता येतो?" या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून आज मी तुम्हाला एका शाळेची हकिगत सांगणार आहे. ही शाळा फ्रान्स देशात निघाली. तिचे नाव इन्सिआड.

बापाच्या गादीवर बसून शिकलेला धंदा गावापुरता पुरतो. तिथले गिऱ्हाईक ओळखीचे, भाषा एक, उधारीची रीत ठरलेली. पण माल चार देशांच्या सीमा ओलांडून जाऊ लागला, म्हणजे काय? तिथला कायदा निराळा, नाणे निराळे, माणसाचा स्वभाव निराळा. हे सारे एकटा बाप कुठून शिकवणार?

युरोपापुढे हाच प्रश्न १९५७ साली उभा राहिला. त्या वर्षी मार्च महिन्यात रोम शहरी सहा देशांनी एक करार केला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग हे ते सहा देश. आपसांतल्या मालावरची जकात हळूहळू उठवायची आणि सहा देशांचा मिळून एकच बाजार करायचा, असे त्यांनी ठरवले. १९६८ सालच्या जुलैत ही जकात पुरती उठली. पण श्रोतेहो, नाका उठला म्हणून मनातली अढी उठते का? दुसरे महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. १९४० साली जर्मन फौजांनी फ्रान्स पादाक्रांत केला होता. घरोघरी कुणाचा बाप, कुणाचा भाऊ गेलेला. अशा माणसांनी एकमेकांशी व्यापार करायचा, एकमेकांच्या शब्दावर माल पाठवायचा, ही गोष्ट सोपी नव्हती.

अशा वेळी एका गृहस्थाने शाळेची कल्पना पुढे मांडली. त्यांचे नाव जॉर्ज डोरिओ. जन्म १८९९ सालचा, पॅरिसचा. वडील मोटारी बनवणाऱ्या पहिल्या पिढीतले कारागीर. तरुणपणी डोरिओ अमेरिकेत गेले आणि हार्वर्ड येथील व्यापारविषयक विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी चाळीस वर्षे शिकवले. महायुद्धात अमेरिकन लष्कराने त्यांच्यावर एक वेगळेच काम सोपवले होते. सैनिकाचे बूट, कपडे, शिधा या वस्तू कशा असाव्यात आणि वेळेवर कशा मिळाव्यात, हे पाहायचे! त्या कामात ते ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. बुटाचा तळ फाटला तर शूर शिपाईही अडून बसतो, हे ज्याने जवळून पाहिले, त्याला व्यवस्थेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

क्लोद जान्सेन आणि ऑलिव्हिए जिस्कार देस्तें या हार्वर्डला शिकून आलेल्या दोन फ्रेंच तरुणांनी डोरिओंना साथ दिली. दुसऱ्याचे थोरले बंधू पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. आरंभीचा पैसा पॅरिसच्या व्यापारी मंडळाने दिला. १९५७ साली संस्था स्थापन झाली आणि १९५९ च्या सप्टेंबरात पहिला वर्ग भरला.

वर्ग भरला तो कुठे? पॅरिसपासून काही कोसांवर फॉन्टेनब्लो नावाचे गाव आहे. भोवती दाट अरण्य, मध्ये फ्रान्सच्या राजांचा जुना वाडा. १८१४ साली पराभूत नेपोलियनने याच वाड्याच्या चौकात आपल्या सैनिकांचा निरोप घेतला होता. तलवारीच्या बळावर सारा युरोप एका छत्राखाली आणू पाहणारा तो सम्राट इथून रित्या हाताने गेला. त्यानंतर १४५ वर्षांनी त्याच वाड्यात निरनिराळ्या देशांची पोरे वह्या घेऊन येऊन बसली.

आता, शिक्षक मित्रहो, या शाळेची शिकवण्याची रीत जरा नीट पाहू या. इथे गुरुजींनी बोलायचे आणि मुलांनी उतरवून घ्यायचे, असे फारसे चालत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती एका धंद्याची खरीखुरी हकिगत देतात. समजा, एक पादत्राणांचा कारखाना आहे. जकात उठल्यामुळे परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आहे. मालक काळजीत आहे. भाव उतरवावा, कामगार कमी करावेत, की नवा माल काढावा? हकिगत इथेच थांबते. उत्तर छापलेले नसते. रात्री पाच-सहा जणांच्या गटाने ती वाचायची, वाद घालायचा, आणि सकाळी वर्गात आपला निर्णय मांडून त्याचा बचाव करायचा. ही रीत हार्वर्डची. तिथून ती इकडे आली.

पण फॉन्टेनब्लोने त्यात स्वतःची भर घातली. गट पाडताना एका देशाची, एका धंद्यातली माणसे शक्यतो एकत्र येऊ द्यायची नाहीत! जर्मन मुलाशेजारी फ्रेंच, त्याच्याशेजारी इटालियन, पलीकडे इंग्रज. एकाला आधी आकडे पाहायचे असतात, दुसऱ्याला आधी माणसे. एकजण थेट तोंडावर बोलतो, दुसऱ्याला तो उर्मटपणा वाटतो. सोबती आपण निवडायचे नाहीत आणि जे मिळाले त्यांच्यासह काम तर पुरे करायचे! सुरुवातीला फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषा तिथे चालत. पुढे शिकवण्याचे माध्यम इंग्रजी झाले. कोणत्याही एका राष्ट्राचे वर्गावर वर्चस्व असू नये, हा दंडक मात्र टिकला. हिशेब आणि बाजारभाव ही विद्या दुसरीकडेही मिळेल. परक्याशी भांडून पुन्हा त्याच्याच शेजारी बसायची विद्या मात्र अशाच ठिकाणी मिळते.

अभ्यासक्रमही आटोपशीर ठेवला. अमेरिकेत दोन वर्षे लागत, इथे दहा महिने. पुष्कळांनी नाके मुरडली. पण २०१६ साली लंडनच्या एका प्रमुख आर्थिक दैनिकाच्या जागतिक यादीत हीच शाळा पहिली आली. वर्षाच्या आत पुरा होणारा अभ्यासक्रम त्या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ होती.

शाळेची वाढ थोडक्यात सांगतो. १९६७ साली ती वाड्यातून निघून अरण्याच्या कडेला स्वतःच्या इमारतीत गेली. त्याच वर्षी तिने स्त्रियांना प्रथम प्रवेश दिला. म्हणजे सारे जग एका बाकावर आणू म्हणणाऱ्यांना निम्मे जग आठवायला आठ वर्षे लागली! पुढे नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी वर्ग निघाले. १९८० साली आशियाच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. २००० साली सिंगापूरला दुसरी शाखा उभी राहिली, मग अबुधाबीला तिसरी. आता दरवर्षी सुमारे हजार विद्यार्थी सत्तरांहून अधिक राष्ट्रांतून इथे येतात. त्यांत भारतीय मुलामुलींची संख्याही चांगली असते. २०११ साली या शाळेचे प्रमुखपद आसामात जन्मलेल्या दीपक जैन यांच्याकडे आले होते.

आणखी एका भारतीय माणसाचा उल्लेख इथे केला पाहिजे. कलकत्त्याचे सुमंत्र घोषाल १९८५ पासून काही वर्षे इथे प्राध्यापक होते. ते व्याख्यानात सांगत, उन्हाळ्यात कलकत्त्यात गेलो की अंथरुणातून उठवत नाही. वसंतात फॉन्टेनब्लोच्या अरण्यात गेलो की धावावेसे वाटते. माणूस तोच, हवा वेगळी. बहुतेक कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी आपल्या आत उन्हाळा निर्माण करून ठेवला आहे, आणि मग कामगार आळशी म्हणून ते ओरडतात! २००४ साली ते वारले. दुसऱ्या वर्षी त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला, आणि तो व्यापारशाळांना चांगलाच झोंबला. माणूस स्वार्थीच असतो, त्याच्यावर पहारा ठेवलाच पाहिजे, असे तुम्ही वर्गात शिकवत राहिलात, तर तुमचे विद्यार्थी तसेच वागू लागतील आणि इतरांनाही तसेच वागायला लावतील, असा त्या लेखाचा इशारा होता. स्वतः याच शाळांतून शिकवलेल्या माणसाने हे लिहावे, याला मोल आहे.

या शाळेत उणेपणा नाही असे मी म्हणणार नाही. आज तिथली फी लाख युरोच्या घरात आहे. शिष्यवृत्त्या आहेत, पण पुष्कळांना कर्जच काढावे लागते. आणि डोक्यावर कर्ज असलेला पदवीधर जिथे पगार मोठा तिथेच जाणार. सारी राष्ट्रे एका बाकावर बसली खरी. गरीब आणि श्रीमंत अजून बसायचे आहेत.

तर मग, धंदा वर्गात शिकता येतो का? मला वाटते, तराजू धरायला दुकानातच शिकावे. पण तराजूच्या पलीकडे उभा असलेला माणूस आपल्यासारखा नाही, तरी तो खोटा नाही, हे ओळखायला शाळा लागते. त्या शाळेला राजवाडा लागतोच असे नाही. शिक्षक मित्रहो, उद्या वर्गात जाल तेव्हा पाहा, कोणती मुले रोज एकाच कोपऱ्यात एकत्र बसतात आणि कोणती कधीच एकमेकांशेजारी बसत नाहीत. एक दिवस त्यांच्या जागा बदला. त्यांना मिळून करण्याजोगे एखादे अवघड काम द्या, आणि थोडा वेळ बाजूला उभे राहा.