कॅमेरा पोहोचण्याआधी

(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या स्थानिक इतिहासावर माहितीपट करू इच्छिणाऱ्या तरुणांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भारतीय माणसाने चलच्चित्राचा कॅमेरा हाती घेतला, तेव्हा अगदी आरंभी त्याने जे टिपले ती एक कुस्ती होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची लढत चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रीकरणही त्यांनीच केले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो १९१३ साली. म्हणजे मराठी माणसाने कथापटाच्या कितीतरी आधी माहितीपटाला हात घातला होता.

हा वारसा मुंबई-पुण्याकडे वाढला; गोदावरी आणि मांजरेच्या काठी तो पोहोचला नाही. त्याची कारणे राजकीय होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फतव्याने साध्या सभेलाही परवानगी सक्तीची केली होती. खासगी शाळा काढायची तर सरकारची मर्जी, आखाडा काढायचा तरी सरकारची मर्जी. त्यामुळे या भागात तालमीचा इतिहास आणि लढ्याचा इतिहास वेगळा काढताच येत नाही. एकाचा माहितीपट करायला निघालेला माणूस नकळत दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो.

उमरीचे उदाहरण घ्या. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या स्टेट बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांवर रक्कम लढ्यासाठी नेली. ही हैदराबाद संस्थानाची बँक होती आणि रझाकारांच्या अत्याचारांशी झुंजणाऱ्या सीमेवरील शिबिरांना शस्त्रांसाठी पैसा हवा होता. लढा संपल्यावर स्वामी रामानंद तीर्थांनी या पैशाचा हिशेब सादर केला, ही गोष्ट आजच्या श्रोत्याला छाप्यापेक्षाही नवलाची वाटेल. पण अशा कामगिरीवर कोणी छायाचित्रकार बरोबर नेत नसतो. मग पडद्यावर दाखवायचे काय? बहुतेक जण येथे घसरतात. भाड्याचे घोडे, बंदुकीचे आवाज, मागे ढणढणते संगीत, असा प्रसंग नटांकडून करवून घेतला की त्या माणसांच्या धाडसाचा तमाशा होतो. त्याऐवजी मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे उमरी स्थानक दाखवा. तेथून पैनगंगेपलीकडच्या उमरखेडपर्यंतचे अंतर रात्री पायी तुडवायचे म्हणजे काय, हे त्या वाटेवर चालून दाखवा. कॅमेऱ्याला एवढे पुष्कळ आहे.

उमरीची तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. म्हाताऱ्या माणसाला 'तुमच्या गावात रझाकार कोणत्या साली आले?' असे विचारले तर तो एक आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा बहुधा शाळेच्या पुस्तकातला असतो. 'गांधीजी गेले त्याच्या आधी की नंतर?' असे विचारले की स्मृती जागी होते. मराठवाड्यात काळ मोजायच्या खुंट्या ठरलेल्या आहेत: पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचा भूकंप. मुलाखत घेणाऱ्याने या खुंट्यांना प्रश्न बांधावेत. नंतर कागदाशी ताडून पाहावे. कागद तपासण्यात आळस झाला तर काय होते, तेही पाहा. बिलोली भागातील गोविंदराव पानसरे यांची ऑक्टोबर १९४६ मध्ये अर्जापूरजवळ हत्या झाली; मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण संगणकावर ते नाव टाकले की कोल्हापूरचे, २०१५ साली ज्यांची हत्या झाली ते गोविंद पानसरे समोर येतात. घाईत असलेला संकलक छायाचित्र उचलतो आणि एका माणसाच्या नावावर दुसऱ्याचा चेहरा लावतो.

कागदांची दुसरी अडचण भाषेची. निजामी राजवटीचे दप्तर उर्दूत आहे. हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात ते पाहायला मिळते, पण घसटत्या हाताने लिहिलेली उर्दू वाचणारी माणसे आता मराठवाड्यात मोजकी उरली आहेत. माहितीपटाच्या अंदाजपत्रकात ड्रोनचे भाडे असते, उर्दू वाचणाऱ्याचे मानधन नसते. हा हिशेब उलटा करायला हवा.

आणि बोलीचे काय? देगलूर-बिलोलीकडच्या मराठीत तेलुगू-कन्नड मिसळलेली, उदगीर-देवणीकडच्या मराठीत कन्नड आणि दखनी. देवर्जनजवळच्या हत्तीबेटाच्या गुहांत मुक्तिसैनिकांचा तळ होता. त्या परिसरातील माणूस ती गोष्ट सांगेल तर आपल्याच बोलीत सांगेल. तिच्यावर पुण्याच्या निवेदकाचा शुद्ध आवाज चढवणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. फार तर खाली अक्षरे द्यावीत.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांची साक्ष नोंदवताना, त्याच रझाकारांविरुद्ध लेखणी चालवल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारले गेलेले 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना गाळता येत नाही. तसेच सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, तेही गाळता येत नाही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. (आजचा लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला १९८२ साली.) लढ्याची बाजू न्यायाची होती, हे सांगायला अर्धी पाने फाडावी लागत नाहीत.

युद्धाकडून मैदानाकडे येऊ. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचे गाव. १९६९ चे महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातूरलाच भरले आणि त्या वर्षीची गदा या मातीतल्या मल्लाने उचलली. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले. ती कुस्ती पाहिल्याचे सांगणारे लोक आजही भेटतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात डाव निराळा असतो! बिराजदार मामा पुढे पुण्यात वस्ताद झाले, २०११ साली गेले. त्यांच्यावर माहितीपट करायचा तर पदकांचे कपाट दाखवून भागणार नाही. पहाटेची तालीम, हळद-तेल-ताक-लिंबू घालून मऊ केलेली लाल माती, जोर मारणाऱ्या पोरांचे श्वास, यात्रेतला हलगीचा ठेका, नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत चढत जाणारी गर्दी, हे सारे ध्वनीसकट टिपावे लागेल. ध्वनीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. कॅमेऱ्यावरच्या माईकने घेतलेली मुलाखत पंख्याच्या घरघरीत बुडते आणि साक्षीदार गेल्यावर ती पुन्हा घेता येत नाही.

नांदेडच्या शीख समाजाबद्दलही असेच. महाराजा रणजितसिंहांच्या काळात सचखंड गुरुद्वाराची इमारत उभी राहिली आणि पंजाबातून आलेल्या अनेकांची कुटुंबे येथेच रुजली. होळी-दसऱ्याच्या हल्लाबोलचे चित्रीकरण दरवर्षी होते. त्या शस्त्रांमागच्या घरांतील आजीला मात्र सहसा कोणी बोलते करत नाही.

आता प्रश्न असा की हाताशी कॅमेरा एक आणि सुट्टीचे दिवस थोडे असतील, तर आधी कोणाकडे जायचे? १९४८ साली विशीत असलेला मुक्तिसैनिक आज नव्वदीच्या बराच पुढे आहे. असा कोणी हयात असेल तर उद्याच जावे. परंतु बहुतेक ठिकाणी आता मुलगा सांगणार, नातू सांगणार. तेव्हा पडद्यावर तसे स्पष्ट लिहावे, ऐकीव ते पाहिलेले म्हणून दाखवू नये. बेळगावची कुस्ती पाहिलेले सत्तरीकडे झुकले आहेत.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. हजारो माणसे गेली, ५२ गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनात नवी गावे सरळ रस्त्यांवर आखली गेली. जुन्या गावात कोणाचा वाडा कोठे होता, आड कोठे, मारुतीचा पार कोठे, पोरे कोणत्या तालमीत घुमत, हे ज्यांना डोळे मिटून सांगता येते ती माणसे आज पन्नाशी-साठीची आहेत, शेतात कामाला जाणारी आहेत. त्यांना जुन्या गावठाणात न्यावे, हाती काठी द्यावी आणि भुईवर गल्ल्या आखायला सांगावे. वर्तमानपत्रांनी तेव्हा पडलेल्या भिंतींची छायाचित्रे घेतली. त्या भिंतींच्या आतले घर अजून कोणी विचारलेले नाही. कॅमेरा सुरू ठेवावा, प्रश्न थोडे विचारावेत. एका घराची हद्द सांगताना शेजारच्या घराचे नाव आपोआप येते.