जुन्या तसबिरींचे मोल
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



आपणां सर्वांच्या हातभाराने देऊळ नवे झाले, कळस चढला. आता जुन्या सभामंडपातून उतरवलेल्या तसबिरींचा प्रश्न उरला आहे. जीर्ण झाल्या, नदीत सोडाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. त्याविषयी दोन शब्द बोलण्याची समितीने मला आज्ञा केली आहे.

यांतील काही चित्रांच्या तळाशी रवि वर्मा छापखान्याचे नाव आहे. राजा रवि वर्मा हे त्रावणकोरचे थोर चित्रकार. त्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावास छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणली. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकेक रंग चढवीत जायचे, अशी ती मेहनतीची छपाई. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याआधी १८७८ साली निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेनेही देवादिकांची रंगीत चित्रे छापली. नागपूरला आगगाडी १८६७ सालीच आली होती. मुंबई-पुण्याचा माल इकडे येण्याची वाट मोकळी झाली होती.

या कागदाने मोठे काम केले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही झोपडीत कमळावरची लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती जाऊन बसली. कागदावरच्या देवाने कोणाची जात विचारली नाही. आज आपले देऊळ सर्वांना खुले आहे, त्या वेळी ही आठवण ठेवली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या माता-भगिनींची. लक्ष्मीचे लुगडे पाहा. ते नुसते छापलेले नाही. रेशमी कापड बेताने कापून खळीने चिकटवले आहे, काठाला जर लावली आहे, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले आहेत. चेहरा व हात मात्र छापील तसेच मोकळे ठेवले आहेत. छापखान्यातून एकाच चित्राच्या हजारो प्रती निघाल्या, पण असे सजवलेले चित्र दुसरे मिळायचे नाही. घरकाम आटोपून ही कलाकुसर करणाऱ्या हातांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. चित्र बुडवले, तर त्यांची शेवटची खूणही बुडेल. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला. आता जे उरले, ते अशाच भिंतींवर.

म्हणून माझी विनंती अशी. जे अगदीच विरून गेले, त्याचे विधिपूर्वक विसर्जन करावे. बाकीची ठेवावीत. नव्या गिलाव्याची ओल पुरती सुकल्याशिवाय ती टांगू नयेत. ऊन आणि समईची काजळी लागणार नाही अशी जागा निवडावी. चित्राला पाणी लावू नये. काच कोरड्या फडक्याने पुसावी. कसर लागली असेल, तर नागपूरच्या अजब बंगल्यातील जाणकारांना विचारावे. कोणती तसबीर कोणत्या घरून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून देवस्थानच्या वहीत आजच नोंदवावे. सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली, हे योग्यच झाले. त्या निनावी हातांची देणगीही सभामंडपात राहावी, एवढे मागणे मांडून आपली रजा घेतो.