नोंदीचा ओळखक्रमांक

रुग्णालयाच्या संकेतस्थळावर एखादा रोगी आपला रक्ततपासणीचा अहवाल मागतो. अहवाल संग्रहांत सुरक्षित असतो. तरी उत्तर येतें, ‘अशी नोंद नाहीं.’ श्रोत्यांस हें नवल वाटेल, पण त्याचें कारण पुष्कळदां अगदीं क्षुल्लक असतें.

मोंगोडीबी हा दस्तऐवज-संग्रह २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक नोंदीस सामान्यतः १२ बाइटांचा ओळखक्रमांक आपोआप मिळतो: ४ बाइटांत निर्मितीची वेळ, ५ बाइटांत यदृच्छेनें निवडलेली संख्या व ३ बाइटांत चढता गणक. माणसांसाठीं तोच षोडशमान पद्धतीनें २४ अक्षरांत लिहितात, आणि घोटाळा येथेंच होतो. पत्त्यांतून येते ती नुसती अक्षरमाला. संग्रहांतील क्रमांकाची जात निराळी. रूप एक असूनहि दोहोंचा मेळ बसत नाहीं, आणि चूक झाल्याची खूणहि कोठें उमटत नाहीं! म्हणून जाणता प्रोग्रामर अक्षरमाला उंबरठ्यावरच तपासतो, सदोष असल्यास परत पाठवितो, एरव्हीं तिचें रूपांतर करूनच आंत घेतो. मोंगूससारखें साधन साध्या शोधांत हें काम स्वतः करतें; ‘ॲग्रिगेट’ नांवाच्या पायऱ्यांच्या शोधांत मात्र करीत नाहीं, आणि विसंबून राहणारा तेथें फसतो.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच. वेळ व गणक यांवरून शेजारच्या नोंदीचा क्रमांक कधीं कधीं तर्कानें काढतां येतो. क्रमांक ठाऊक असणें म्हणजे अहवाल पाहण्याचा अधिकार असणें नव्हे. यास्तव शोध घेतांना क्रमांकाबरोबर नोंदीच्या धन्याचीहि अट घालावी लागते. मग परक्यास ‘अशी नोंद नाहीं’ हेंच उत्तर मिळतें, आणि या वेळीं तें योग्य असतें.