सेगांव, शेगांव आणि ई-मेलची चाळणी

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगांव मेघे या गांवाच्या नांवांतील 'मेघे' हा शब्द टपाल निवडणाऱ्याला सोडून चालत नाहीं. कारण बोरगांव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. जवळच्याच सेवाग्रामची हकीकत तर याहून बोलकी. महात्मा गांधी १९३६ सालीं तेथें राहावयास आले तेव्हां त्या खेड्याचें नांव सेगांव होतें. आणि बुलढाणा जिल्ह्यांत, मुंबई-नागपूर लोहमार्गावर, शेगांव. एका अक्षराच्या फरकानें गांधीजींचें टपाल तिकडे जाई. अखेर १९४० सालीं गांवाचेंच नांव बदलून सेवाग्राम ठेवण्यांत आलें. पत्रांसाठीं गांवानें आपलें नांव टाकावें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे!

पुढें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिनकोड सुरू झाला. त्याचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी आणि संस्कृत कवि. सेवाग्राम ४४२१०२, शेगांव ४४४२०३; तिसऱ्या अंकाशींच वाटा फुटल्या.

ई-मेलमधील चाळणी हेंच काम करते. अमक्याचें पत्र अमक्या कप्प्यांत, विषयांत अमुक शब्द असल्यास तें दुसऱ्या पत्त्यावर, असा नियम एकदां लिहून ठेवला कीं यंत्र तो रात्रंदिवस पाळतें. मात्र नुसता 'बोरगांव' शब्द धरून नियम केला, तर साऱ्या बोरगांवांचीं पत्रें एकत्र पडतील. निवडणारा मनुष्य निदान शंका आली म्हणजे थांबे, शेजाऱ्यास विचारी.

समजा, बोरगांवच्या एखाद्या मुलीनें नोकरीसाठीं अर्ज केला आहे, आणि आपलें सारें जीमेल भावाच्या पत्त्यावर आपोआप जावें अशी तजवीज करून ती निर्धास्त आहे. मुलाखतीचें बोलावणें यंत्रानें 'स्पॅम' ठरविलें, तर तें भावाकडे जाणारच नाहीं. तीस दिवसांनीं मूळ पत्रही नाहींसें होईल. यास्तव स्पॅमचा कप्पा आठवड्यांतून एकदां उघडावा, त्या कचेरीचा पत्ता स्पॅममध्यें न टाकण्याचा नियम करावा, आणि पत्र पुढें पाठवितांना मूळ प्रत आपल्याकडे राहील असें पाहावें.

आणखी एक धोका आहे. पासवर्ड हातीं लागलेला भामटा पुष्कळदां कांहींच बिघडवीत नाहीं. पत्रें आपल्याकडे वळविण्याचा एक नियम तेवढा गुपचूप लिहून जातो. मागाहून पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहूं शकतो. तेव्हां सेटिंग्जमध्यें जाऊन, पत्रें कोणाच्या पत्त्यावर चाललीं आहेत, हें डोळ्यांनीं पाहावें. अनोळखी पत्ता दिसल्यास तो तत्काळ काढून टाकावा.