लहान वीजयोजना आणि ओढ्याचें पाणी



पाण्यापासून वीज निर्माण करण्याचा उद्योग आपल्या देशांत १८९७ सालीं सुरू झाला. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें डोंगरी ओढ्यांच्या पाण्यावर १३० किलोवॅट शक्तीचें एक लहानसें वीजघर उभारण्यांत आलें आणि त्या गांवच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. म्हणजे आपल्याकडील जलविद्युतेचा आरंभच मुळीं लहान योजनेपासून झाला. पुढें मोठमोठीं धरणें झालीं. त्यांच्या पाण्याखालीं गांवें गेलीं, अरण्यें गेलीं, हजारों कुटुंबांना घरदार सोडावें लागलें. त्या अनुभवानंतर लोकांचें लक्ष पुन्हां लहान योजनांकडे वळलें, यांत नवल नाहीं. येथें विस्तीर्ण जलाशय नाहीं, धूर नाहीं, कोळसा नाहीं. तेव्हां लहान योजना निरुपद्रवी असलीच पाहिजे, असा समज रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे आणि तो कसा पारखावा, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम 'लहान' या शब्दाचा अर्थ पाहूं. आपल्या देशांत २५ मेगावॅटपर्यंतची जलविद्युत्‌योजना लहान समजली जाते. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यमापनासंबंधीं केंद्र सरकारनें २००६ सालीं जी अधिसूचना काढली, तिनें पूर्वपरवानगीची अट २५ मेगावॅट व त्यावरील जलविद्युत्‌योजनांना घातली. त्याखालच्या योजना त्या यादीबाहेर राहिल्या. जंगलची जमीन लागत असेल तर त्यासाठीं निराळी परवानगी घ्यावी लागते, हें खरें; परंतु तेथें मुख्य विचार जंगलाचा असतो, नदीचा नसतो. आतां मेगावॅट हें विजेच्या शक्तीचें माप आहे. नदीला पोंचणाऱ्या इजेचें तें माप नव्हे, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

विजेची शक्ति दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाणी किती पडतें आणि किती उंचीवरून पडतें. दर सेकंदास एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंचीवरून सोडलें, तर यंत्रांतील घट वजा जातां सुमारें ८०० किलोवॅट शक्ति मिळते. पाणी निम्मेंच असेल, तर तितक्याच शक्तीसाठीं उंची दुप्पट लागते. डोंगरांतील ओढ्याला पाणी थोडें, म्हणून योजना आंखणारा उंचीच्या शोधांत असतो. वर एक बुटका बंधारा घालून पाणी पाटांत किंवा बोगद्यांत घ्यावयाचें, डोंगराच्या कडेनें दूर न्यावयाचें, तेथून नळांवाटे खालच्या वीजघरांत सोडावयाचें आणि चक्र फिरवून झाल्यावर पुन्हां नदीला मिळवावयाचें, अशी ही रचना असते. यांत पाणी खर्च होत नाहीं, असें सांगतात, तें बरोबरच आहे. परंतु घेतलेलें पाणी परत मिळतें तें बऱ्याच अंतरावर, कित्येकदां कांहीं किलोमीटर खालीं. बंधारा आणि वीजघर यांच्या मधल्या नदीला काय उरतें, हा खरा प्रश्न आहे.

सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. आषाढ-श्रावणांत ओढ्याला इतकें पाणी असतें कीं, वीजघरानें कितीहि घेतलें तरी बंधाऱ्यावरून लोंढा वाहतच असतो. माघ-फाल्गुनांत मात्र ती स्थिति राहत नाहीं. तेव्हां वीजघराला पुरेल इतकें पाणी घेतलें, तर मधल्या पात्रांत उघडे पडलेले दगड आणि तुटक तुटक डबकीं एवढेंच उरतें. त्या कांठच्या वाडीचें धुणें तेथें, गुरांचें पाणी तेथें, आणि कांठच्या विहिरींनाहि ओल मिळते ती त्याच पात्राची.

माणसांखेरीज पाण्यांतील जीवांचीहि गोष्ट आहे. कर्नाटकांत नेत्रावतीच्या वरच्या खोऱ्यांतील लहान वीजयोजनांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बंधारे असलेल्या आणि नसलेल्या ओढ्यांची तुलना केलेली आहे. ज्या भागांतून पाणी वळविलें होतें, तेथें पाण्याचें तपमान वाढलेलें आणि त्यांतील प्राणवायु घटलेला आढळला. माशांच्या जातींचें प्रमाणहि बदललेलें आढळलें. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें शिवमंदिरापाशीं महसीर जातीचे मोठे मासे लोकांनीं देवाचे म्हणून सांभाळले आहेत, हें आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. महसीर मासा पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडीं घालतो. त्याच्या वाटेंत माणसाच्या दृष्टीनें क्षुल्लक वाटणारा बंधारा आला, तरी त्याला ती भिंतच होय.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लहान योजना क्वचितच एकटी येते. एका ओढ्यावर एक वीजघर, त्याच्या खालीं दुसरें, शेजारच्या ओढ्यावर तिसरें, अशी माळ लागते. प्रत्येकीसाठीं रस्ता, प्रत्येकीसाठीं रानांतून तारांची रांग. एकेक योजना निराळी पाहिली म्हणजे किरकोळ दिसते. सगळ्यांची बेरीज मात्र कोणाच्याच कागदावर नसते. चीनमधील नू नदीच्या खोऱ्यांतील ५० मेगावॅटहून लहान आणि मोठ्या योजनांची तुलना किब्लर व टलॉस या दोन संशोधिकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केली. त्यांनीं दर मेगावॅटमागें होणारें नुकसान मोजलें, तेव्हां कित्येक बाबतींत, विशेषतः प्रवाहाच्या आणि जलचरांच्या निवाऱ्याच्या बाबतींत, लहान योजनांचें पारडें जड भरलें.

यावरून लहान योजना सरसकट त्याज्य ठरतात, असें कोणी समजूं नये. पुण्याजवळ पानशेत आणि वरसगांव येथें ८ मेगावॅटचीं व भाटघर येथें १६ मेगावॅटचें वीजघर आहे. तीं पूर्वीं बांधलेल्या धरणांच्या पायथ्याशीं आहेत. पिण्यासाठीं वा शेतीसाठीं जें पाणी सोडावयाचेंच असतें, तें चक्रावरून सोडलें जातें. नदीचा नवा भाग त्यापायीं कोरडा पडत नाहीं. जिवंत ओढ्यावरील ८ मेगावॅट आणि धरणाखालील ८ मेगावॅट हे आंकड्यानें सारखे असले, तरी परिणामानें मुळींच सारखे नाहींत.

तेव्हां पारख करावी ती कशी? पहिली गोष्ट, पात्राचा किती भाग, किती महिने, किती पाण्यावर राहणार, हें आधीं विचारावें. आणि त्यासाठीं निदान एक संपूर्ण वर्षभर, उन्हाळ्यासकट, प्रवाह मोजलेला असावा. दुसरी, त्या भागावर कोणाचें काय अवलंबून आहे याची नोंद त्या वाडीवर जाऊन, तेथल्या माणसांना विचारून केलेली असावी. तिसरी, त्याच नदीवरील इतर सर्व योजनांसह हिशेब मांडलेला असावा. चौथी, नदींत नेहमीं किती पाणी सोडावयाचें, हें आधीं ठरलेलें असावें. स्वित्झर्लंडनें १९९१ च्या कायद्यानें यासाठीं एक पाया ठरविला आहे: वर्षांतून ३४७ दिवस नदी ज्या प्रवाहाखालीं जात नाहीं, तो प्रवाह काढावयाचा आणि त्यावरून राखावयाचें पाणी ठरवावयाचें. आपल्याकडेहि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं कोरड्या ऋतूंतील सरासरी प्रवाहाचें निदान १५ ते २० टक्के पाणी नद्यांत राहिलें पाहिजे, असा आदेश दिला.

पण आदेश कागदावर असतो आणि झडप बंधाऱ्यावर असते. सोडलेलें पाणी कोणी मोजावयाचें? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक बंधाऱ्याखालीं, वाटेवरून जाणाऱ्याला दिसेल अशा जागीं, मापाच्या खुणा असलेला एक दगडी खांब असावा, आणि पाणी कोणत्या खुणेखालीं जातां कामा नये, तें त्यावर मराठींत, कानडींत, जेथें जी भाषा असेल तींत कोरलेलें असावें. म्हणजे गुरें घेऊन आलेल्या पोरालाहि कळेल कीं, आज आपल्या ओढ्याचा वांटा ओढ्याला मिळाला कीं नाहीं.

शहरांतल्या आपल्या घरीं बटण दाबलें कीं दिवा लागतो. ती वीज कोणत्या पाण्याची, हें दिव्याकडे पाहून समजत नाहीं. म्हणूनच 'स्वच्छ वीज' हे शब्द आपल्या कानीं पडतील तेव्हां ती किती मेगावॅटची आहे एवढेंच विचारून थांबूं नये. वैशाखांत त्या ओढ्याला पाणी असतें काय, हेंहि विचारावें.